घोंगड्या डोंगरावरचा हात

माझा भाऊ मनोज भोये सिन्नरच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याला दिवाळीला रजा मिळाली नाही तरी चालतं, गणपतीत मिळाली नाही तरी चालतं, पोराच्या वाढदिवसाला तर तो हमखास ओव्हरटाइम करतो. पण मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या आसपास त्याला रजा लागतेच. साहेबाने कारण विचारलं तर म्हणतो, "गावाकडे कार्यक्रम आहे." कसला कार्यक्रम, असं पुढे विचारलं की गप्प बसतो. लपवायचं म्हणून नाही, त्याला खरंच सांगता येत नाही. देवाचं आहे का म्हटलं तर तसं नाही म्हणतो, ट्रेकिंग आहे का म्हटलं तर तसंही नाही म्हणतो. मी त्याची थोरली बहीण, आशा. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कुठलीही गोष्ट नीट मांडायची मला खोड आहे. ही मात्र मला अजून धड मांडता आलेली नाही. आज जमतंय का बघू.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. आमचे बाबा, रावजी भोये, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. अबोल माणूस. मूळ गाव कुठलं असं कोणी विचारलं की "कळवणकडचं" एवढंच सांगायचे, गावाचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. आम्ही कोकणा आदिवासी. पण नाशकात इंदिरानगरच्या आमच्या घरात त्याची खूण म्हणजे शाळेत लागणारा जातीचा दाखला आणि आईची बोली. आई चिडली की बोलीवर यायची, आणि मग आम्हा भावंडांना निम्मं समजायचं नाही. आपल्याच आईने आपल्यालाच दिलेल्या शिव्या समजू नयेत, याचं मला लहानपणी वाईट वाटायचं.

आमच्या बाबांचा देवावर विश्वास नाही, हे आमच्या घरातलं सर्वांत पक्कं सत्य होतं. आम्ही वणीला सप्तशृंगीला जायचो तेव्हा बाबा पायथ्याच्या नांदुरीपर्यंत यायचे आणि तिथेच चहाच्या टपरीवर बसून राहायचे. आई आम्हाला घेऊन वर जायची. खाली येऊन तिने प्रसाद पुढे केला की ते तो मुकाट्याने खायचे. गाडी लागली, ऊन लागलंय, गर्दी आवडत नाही, असं दर वर्षी नवीन कारण असायचं. शेवटी मीच एकदा आईला विचारलं, बाबा वर का येत नाहीत? आई म्हणाली, "त्यांचं नाय तसलं काही." मी त्याचा अर्थ लावला की बाबा नास्तिक आहेत. मी तेव्हा नववीत होते आणि नास्तिक हा शब्द मला फार भारी वाटायचा.

कॉलेजात असताना तर पुरावाच मिळाला. एक दिवस गावाकडून भिमाजी नावाचे गृहस्थ आले. ते गावचे भगत होते, म्हणजे देवाचं सगळं करणारा माणूस. पांढरा फेटा, अनवाणी पाय, सोफ्याच्या अगदी कडेला बसलेले. बराच वेळ ते आणि बाबा बोलीत बोलत होते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, काही कळत नव्हतं. शेवटी बाबा एकदम स्वच्छ मराठीत म्हणाले, "मी देव मानत नाही, भिमाजी. मला बोलवू नका." भिमाजी चहा न पिता उठले. मला बाबांचा एवढा अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्ये मी ते तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितलं.

मनोज माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने हे सत्य आणखी मनावर घेतलं. कॉलनीतल्या गणपतीच्या आरतीला तो हात मागे बांधून उभा राहायचा. कोणी टोकलं तर म्हणायचा, "आमच्यात नाही मानत." आई कपाळावर हात मारून घ्यायची. बाबा काहीच बोलायचे नाहीत. वडिलांकडून कोणाला जमीन मिळते, कोणाला दुकान मिळतं. आमच्या मनोजला हा एक 'नाही' मिळाला होता आणि तो त्याने जिवापाड सांभाळला होता.

आता त्याच्या डोंगरांकडे येते. पांडवलेणी आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. लोक लेणी बघून परत फिरतात, हा मागच्या कड्याला भिडायचा. कॉलेज संपलं, सिन्नरला नोकरी लागली आणि मयूर नावाच्या मित्राने त्याला ट्रेकिंगच्या क्लबात ओढलं. मग काय विचारता. शनिवारी शिफ्ट संपली की पाठीवर सॅक. रामशेज, अंजनेरी, धोडप, मुल्हेर. पगारातून मुंबईहून मागवलेला दोर घरात आला, तो म्हशीपेक्षा जास्त जपायचा. आईने दोनदा त्याच्यासाठी मुलगी बघायचा घाट घातला आणि दोन्ही वेळा नवरदेव हरिहरच्या पायऱ्यांवर. बाबांना त्याचा हा नाद अजिबात सहन व्हायचा नाही. एकदा त्याने कड्यावर लोंबकळतानाचा फोटो दाखवला. बाबांनी फोटो पालथा करून टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसले. मुलाची काळजी, असं आम्ही समजलो.

त्या दिवसांत मनोज मला एकदा म्हणाला, "ताई, वर पोचलं की हात जोडावेसे वाटतात. आणि कोणाला जोडायचे ते कळत नाही."

"मग खिशात घाल," मी म्हटलं.

तो हसला नाही. "चेष्टा नाही गं. खूप वेळा होतं. मग मला बाबांना फसवल्यासारखं वाटतं."

मला तेव्हा ते नाटकी वाटलं होतं. पण त्याचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता, एवढं आठवतं.

एकोणीसशे नव्याण्णवच्या डिसेंबरात क्लबाने कळवणच्या पश्चिमेचा एक डोंगर हेरला. नाव घोंगड्या. घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. कुठल्याच क्लबाने तो चढलेला नव्हता, म्हणून यांना घाई. पलीकडच्या खोऱ्यातून ही मंडळी चढली. माथ्याच्या खाली एक गुहा, आणि गुहेच्या खाली दोन पुरुष उंचीचा सरळ कातळ. कातळात पाय ठेवायला जुन्या खोबणी होत्या, पण शेवटच्या टप्प्यात धरायला काही नव्हतं. मनोज पहिला चढला. वरच्या काठावर फटीत त्याने हातोडीने एक लोखंडी मेख ठोकली, तिला दोर बांधला आणि बाकीच्यांना वर घेतलं. तिथे कातळात दोन पावलांएवढे गुळगुळीत खड्डे होते. त्याने त्यात टाचा रोवल्या. बरोब्बर बसल्या. त्याला वाटलं, पाण्याने झालेले असतील.

ही मंडळी खाली उतरली तेव्हा कातळाच्या पायथ्याशी अलीकडच्या गावातले पन्नासएक लोक उभे होते. अनवाणी, कमरेला धोतर, हातात पूजेचं सामान. ते डोंगऱ्यादेवाचे दिवस होते. या दिवसांत कोकणा गावांतले पुरुष घरदार सोडून, उपास धरून, उघड्यावर राहून डोंगराची पूजा करतात. त्यांना माऊल्या म्हणतात. या गावात एक नेम असा की त्या दिवसांत डोंगराला लोखंड लागू द्यायचं नाही. विळासुद्धा घरात ठेवून निघतात. आणि इथे वरून हातोडीचे घाव ऐकू आलेले.

फेटेवाला म्हातारा पुढे आला. "लोखंड कोणी ठोकलं?"

मयूर इंग्रजी झाडायला लागला होता, मनोजने त्याला मागे केलं. "मी ठोकलं. आम्हाला माहीत नव्हतं."

"नाव काय तुझं?"

"मनोज."

"पुरं सांग."

"मनोज रावजी भोये."

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग खालीच बसला. "झुंबरचा नातू तू? नाशकाच्या रावजीचा?" मनोजने मान हलवली. म्हातारा म्हणजे तेच भिमाजी, आमच्या सोफ्याच्या कडेला बसून गेलेले. ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "इतक्या वर्सांनी हात आला, अन् तो बी हातोडी घेऊन." कोणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. मारामारीची तयारी करून उभ्या असलेल्या क्लबवाल्यांना काय चाललंय ते कळेना. मनोजला तर मुळीच कळेना.

भिमाजींनी जे सांगितलं ते असं. गाव उंबरदरा. देव वरच्या गुहेत. कातळाचा शेवटचा टप्पा दोराने किंवा शिडीने चढायचा नाही, माणसाच्या हाताने चढायचा, आणि तो हात भोयांच्या घरचा. पिढ्यान् पिढ्या भोयांचा एक पुरुष वर कातळावर पालथा पडतो, पायांची बोटं त्या दोन खड्ड्यांत रोवतो आणि हात खाली सोडतो. खालचा माणूस तो हात धरून वर येतो. हात देणाऱ्याने तोंड गुहेकडे ठेवायचं, खाली बघायचं नाही. हात पाटलाचा की गड्याचा हे त्याला कळता कामा नये. मग सोडायचा कधी? तर वर आलेला माणूस म्हणतो, "पोचलो." तो शब्द ऐकला की सोडायचा, त्याआधी नाही. आमचे आजोबा झुंबर वारले तेव्हापासून त्या जागेवर कोणी पडलेलं नाही. दुसऱ्या घरचा माणूस चालत नाही. तेव्हापासून अख्खं गाव कातळाच्या पायथ्याशी नारळ फोडून माघारी फिरतं. देवाची गाठ नाही. कित्येक म्हातारे तसेच गेले.

"मेख काढ," भिमाजी म्हणाले. "ज्यानं ठोकली त्यानंच काढायची. अन् दंड एकच. पुढल्या साली हात द्यायला ये."

मनोजने मेख काढली आणि घरी आला तो थेट बाबांसमोर उभा राहिला. मी त्या रविवारी माहेरी आले होते. त्याने सगळं सांगितलं. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "मी मानत नाही. आपण जे मानत नाही त्यात पडू नये. तू जायचं नाही." आणि ताट अर्धं टाकून उठले. आई कधी नव्हे ती त्यांच्या मागे गेली नाही.

इथून पुढचं वर्ष मनोजने स्वतःचं आणि माझं डोकं खाल्लं. त्याच्यापुढे खरा पेच होता. नाही गेला तर एका गावाची देवाशी गाठ त्याच्यामुळे अडणार, आणि आता तर त्याला ते माहीतही झालं होतं. गेला तर बाबांचा शब्द मोडणार, शिवाय स्वतःशीच खोटं वागणार, कारण त्याच्या मते तो देव मानत नव्हता. "मानत नाही आणि तरी देवाच्या दारात पडायचं, हे ढोंग नाही का?" तो विचारायचा. मी म्हणायचे, "नको जाऊ मग." तर म्हणायचा, "पण माझ्या टाचा त्या खड्ड्यांत बसल्या, ताई." मी म्हणायचे, "मग जा." तर म्हणायचा, "पण बाबा." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची अवस्था. मला राग यायचा. राग त्याचा यायचा की बाबांचा, ते माझं मलाच कळत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा मत्सरही होता. भोये मीही होते, पण मला कोणी हात मागितला नव्हता.

उन्हाळ्यात तो एकटाच उंबरदऱ्याला जाऊन भिमाजींना भेटला आणि सरळ विचारलं, हात द्यायला देव मानावा लागतो का? भिमाजी नागलीची भाकर खात होते. म्हणाले, "ते तुझं तू बघ. तुझा आजा मानायचा का नाय, मी कधी इचारलं नाय. माणूस पडला नाय पायजे." मनोज अगदी हवालदिल होऊन परत आला. त्याला हो किंवा नाही असं उत्तर हवं होतं.

गाठ सुटली ती दिवाळीच्या सफाईत. आई आणि मी माळ्यावरचे डबे खाली काढत होतो. मी स्टुलावर उभी, आई खाली. बाबा दारात आले, मला स्टुलावर बघितलं आणि तसेच वळून निघून गेले. आई हसली. म्हणाली, "अजून तसंच हाय त्यांचं."

"काय तसंच?"

आई थोडा वेळ हातातलं फडकं घडी करत राहिली. मग म्हणाली, "भ्या वाटतं त्यांना. उंचीचं."

तिच्या आणि बाबांच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट, तिने सांगितलं. सासऱ्यांनी, म्हणजे झुंबर आजोबांनी, बाबांना हात द्यायला शिकवायचं म्हणून वर नेलं. बाबा कातळावर निम्म्यात गेले आणि जे थिजले ते वर जाईनात, खाली येईनात. डोळे मिटलेले, अंगाला घाम. आजोबांनी त्यांना धोतराने पाठीला बांधून उतरवलं. गावात सांगितलं, पोराला ताप भरला. पुढल्या वर्षी पुन्हा ताप. त्याच्या पुढल्या वर्षाच्या आत बाबांनी एसटीत नोकरी धरली आणि गाव सोडलं. भोयांच्या पोराला डोंगराचं भ्या वाटतं, हे तोंडाने सांगण्यापेक्षा देव मानत नाही म्हणणं त्यांना सोपं वाटलं.

मी स्टुलावरून उतरले आणि आईच्या शेजारी बसले. नांदुरीची टपरी आठवली. तळमजल्याच्याच घरासाठी बाबांनी धरलेला हट्ट आठवला. गच्चीवरच्या वाळवणाला ते कधी हात लावायचे नाहीत, ते आठवलं. पालथा केलेला फोटो आठवला. माझा कँटीनमधला अभिमानही आठवला. एवढी वर्षं आम्ही एका घाबरलेल्या माणसाला विचारवंत समजत होतो. मला हसू यायला लागलं आणि हसता हसता रडू आलं.

मी ते मनोजपासून लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला पांडवलेणीच्या पायथ्याशी गाठून सांगितलं. तो डोंगराकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी कोणाचं ऐकून नाही म्हणत होतो?"

त्याने हात मागे बांधून काढलेल्या सगळ्या आरत्या माझ्या डोळ्यासमोर आल्या.

"आता तरी ठरलं का तुझं?" मी विचारलं.

"काहीच ठरलं नाही. उलट जास्त गोंधळ झाला. पण जातो मी. माणूस पडला नाही पाहिजे, एवढं तर मला येतं."

दोन हजार सालच्या मार्गशीर्षात त्याने रजा टाकली आणि माऊल्यांबरोबर उपास धरून राहायला आधीच उंबरदऱ्याला गेला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आणि आई निघालो. बाबांना विचारायची सोय नव्हती. ते सकाळी दूध आणायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. आम्ही वाट बघून कुलूप लावलं, स्टँडवर आलो, कळवणच्या गाडीत चढलो, तर बाबा खिडकीपाशी बसलेले. मांडीवर दुधाच्या पिशव्या. शेजारच्या दोन जागांवर रुमाल टाकून ठेवलेला. आईने रुमाल उचलला आणि बसली. कळवणपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले, "नासायला नको दूध." ते नासलं नाही. संध्याकाळी भिमाजींच्या घरी त्याचाच चहा झाला. भिमाजींनी बाबांच्या कपात जास्त चहा ओतला.

उजाडायच्या सुमारास सगळे कातळाच्या पायथ्याशी पोचलो. बायकांना तिथवर जाता येतं, पुढे नाही. हे मला पटलं नाही, आणि ते मी भिमाजींना ऐकवलंही. ते म्हणाले, "डोंगराला सांग." थंडी मी म्हणत होती. पावरी वाजत होती. भोपळ्याचं आणि शिंगाचं ते लांब वाद्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि तरी ते ओळखीचं वाटलं. का, ते कळलं नाही.

मनोज वर गेला. दोर नाही, मेख नाही, बूट नाहीत. थोड्या वेळाने काठावरून त्याचा उजवा हात खाली आला. बाकी काही दिसत नव्हतं, नुसता हात. पहिले भिमाजी गेले. खोबणींत पाय ठेवत चढले, हात धरला, वर नाहीसे झाले आणि त्यांचा आवाज आला, "पोचलो." खाली उभे असलेले म्हातारे लहान मुलांसारखे रडायला लागले. मग एकेक जण जात राहिला. पोचलो. पोचलो. हात दर वेळी पुन्हा खाली येऊन थांबायचा.

मी मोजत नव्हते, पण रांग सरत आली तेव्हा पाहिलं तर रांगेच्या शेवटी बाबा उभे होते. चप्पल काढलेली, पँट वर दुमडलेली. आईने माझा दंड धरला.

बाबांनी पहिल्या खोबणीत पाय ठेवला. मग दुसऱ्या. मग थांबले. कातळाला छाती लावून, डोळे मिटून. पावरी चालूच होती. वरचा हात खाली लोंबत होता, बाबांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. मनोजला दिसत नव्हतं की कोण आहे, आणि बाबांना दिसत नव्हतं की हात कुठे आहे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, थोडं वर, बाबा, थोडंच वर. आईने नको म्हणून मान हलवली. बाबांनी डोळे न उघडता एक हात कातळावरून सोडवला आणि चाचपडत वर नेला. तो मनोजच्या हाताला लागला. मनोजने धरला. मनोजचा दंड ताठ झाला, त्याने ओढ दिली. बाबा हलले नाहीत. किती वेळ ते तसे उभे होते, मला सांगता येणार नाही. मग बाबांनी स्वतःच हात सोडवून घेतला आणि एक एक पाय चाचपत खाली आले. वरचा हात रिकामा लोंबत राहिला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पण मनोजने खाली बघितलं नाही.

बाबा एका दगडावर बसले. मी शेजारी बसले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "बाबा, तुम्ही देव मानता का?"

"मानतो की," ते म्हणाले. "लहानपणापासून मानतो. पण तो वर राहतो."

मी त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपाशी आणून ठेवल्या.

वरची पूजा झाली, माणसं तसाच हात धरून उतरली, आणि सगळ्यांत शेवटी मनोज उतरला. गालावर कातळाची नक्षी उमटलेली, छाती खरचटलेली. लोक त्याच्या पाया पडत होते आणि तो ओशाळून मागे सरत होता. तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "ताई, काय झालं माहीत आहे? सगळे हात कोरडे होते, एवढ्या थंडीत एकच ओला होता. आला, घट्ट धरला आणि परत गेला. पोचलो म्हणालाच नाही. कोण होतं? पडलं का कोणी?"

मी बाबांकडे बघितलं. बाबा पँटच्या दुमडी सोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मला उठव रे. पाय आखडलेत."

मनोजने हात पुढे केला. बाबांनी तो धरला आणि उठून उभे राहिले. उभे राहिले तरी मनोजने हात सोडला नाही. तो त्या हाताकडे बघत होता, मग बाबांच्या तोंडाकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर तोच गोंधळ होता, वर पोचल्यावर हात कोणाला जोडायचे हे न कळण्याचा.

"सोड आता," बाबा म्हणाले. "पोचलो."